फ्लॅटच्या किचनची सांडपाण्याची लाइन कशी बसवायची: मोजायला डक्टकडून सुरुवात करा

किचनचं काम काढलं की सगळे पहिल्यांदा ग्रॅनाइट बघायला जातात, मग सिंक, मग ट्रॉली, मग टाइल्स, आणि सांडपाण्याच्या पाइपचं काय असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, ते प्लंबर बघून घेईल. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून गेली बारा वर्षं फोंडा, पणजी, मडगाव ह्या भागात साइटी बघते, आणि नवं केलेलं किचन वर्षाच्या आत परत फोडावं लागलं अशा जेवढ्या केसेस माझ्यासमोर आल्या त्यांत पाइप एकतर चुकीच्या उंचीवर होता नाहीतर चुकीच्या लाइनला जोडलेला होता. स्वतःच्या घरात चुकलं तर आपलं आपण निस्तरतो, पण बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरचं पाणी तीन घरांच्या भिंतीमागून खाली उतरतं, त्यामुळे चूक एकाची आणि ओल दुसऱ्याच्या घरात असं होतं, आणि मग जिन्यात भेटल्यावर एकमेकांशी बोलणं बंद.

म्हणून एकच गोष्ट धरून पुढचं वाचा. मोजायला सुरुवात डक्टमधल्या (बिल्डिंगचे सगळे पाइप उतरतात त्या उभ्या मोकळ्या जागेतल्या) उभ्या पाइपापासून करायची आणि तिथून मागे मागे येत सिंकपर्यंत पोचायचं. सिंकपासून सुरू केलं की डक्टपाशी पोचल्यावर कळतं की उताराला जागाच उरलेली नाही, आणि तोपर्यंत ओटा झालेला असतो.

आधी उभा पाइप ओळखा

डक्टमध्ये डोकावलं की साधारण तीन पाइप दिसतात. एक संडासचा, तो ११० एमएम म्हणजे आपण ज्याला चार इंची म्हणतो तो. दुसरा किचन-बाथरूमच्या पाण्याचा, तो ७५ किंवा ११० असतो. तिसरा गच्चीवरून पावसाचं पाणी खाली आणणारा. आपल्याकडच्या बऱ्याच बिल्डिंगांत संडासची लाइन थेट चेंबरला जाते आणि किचन-बाथरूमचं पाणी खाली गली ट्रॅपमध्ये पडून मग चेंबरला जातं, म्हणजे मध्ये पाण्याचा एक अडसर असतो आणि चेंबरचा वास वर येत नाही. नुसतं बघून ओळखायला जाऊ नका, सगळे एकाच करड्या रंगाचे असतात. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगायचं की बादलीभर पाण्यात दोन चमचे हळद कालवून तुमच्या सिंकमध्ये ओता, आणि खाली गली ट्रॅपपाशी एक माणूस उभा करायचा. पिवळं पाणी जिथून पडेल ती किचनची लाइन. पाच मिनिटांचं काम आहे पण कुणी करत नाही.

पावसाच्या पाइपाबद्दल जरा जास्त सांगते कारण गोव्यात हीच चूक सगळ्यात महाग पडते. तो पाइप कधीकधी किचनच्या खिडकीशेजारूनच जातो, जवळ असतो, मोकळा असतो, आणि उन्हाळ्यात काम करणाऱ्या प्लंबरला तो रिकामा दिसतो म्हणून तो त्यातच वाय (इंग्रजी Y च्या आकाराचा जोड) टाकून सिंक जोडून मोकळा होतो. मे महिन्यात सगळं छान चालतं. मग मिरग लागतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार एमएमच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आता शंभर चौरस मीटरची गच्ची धरा आणि तासाभरात ५० एमएम पाऊस पडला असं धरा, तर त्या एका तासात ५,००० लिटर पाणी त्या पाइपांतून उतरायला बघतं. खाली कुठे पानं-माती अडकली की पाइप भरतो आणि पाणी सगळ्यात खालच्या सिंकमधून बाहेर येतं. एका घरी मी गेले तेव्हा ओट्यावर पाणी, खाली ट्रॉल्यांमध्ये पाणी, आणि त्यात गच्चीवरचं शेवाळ आणि पानं तरंगत होती. शिवाय उलट बाजूने बघितलं तर तुमचं तेलकट पाणी त्या पाइपातून थेट उघड्या गटारात आणि तिथून ओहोळात जातं, ते वेगळंच पाप. पावसाचा पाइप पावसालाच ठेवा.

संडासच्या उभ्या पाइपात किचन जोडायचं का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. काही नव्या बिल्डिंगा मुळातच एकाच उभ्या पाइपावर डिझाइन केलेल्या असतात, तिथे प्रत्येक जोडणीला ट्रॅप (वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा तुकडा) आणि वरती गच्चीच्या वर मोकळं तोंड असतं, तिथे चालतं. पण जिथे दोन लाइनी वेगळ्या आहेत तिथे केवळ जवळ पडते म्हणून संडासच्या लाइनला सिंक लावू नका. ती लाइन खाली चोक झाली तर काय वर येईल हे मी लिहीत नाही.

खाली शेवटी पाणी कुठे जातं तेही विचारून घ्या. पणजीत टोंकाला आणि मडगावात शिरवड्याला सांडपाणी प्रक्रियेचे प्लांट आहेत, तिथल्या सीवर लाइनला जोडलेली बिल्डिंग असेल तर एक गोष्ट. पण कित्येक सोसायट्या अजून सेप्टिक टँक आणि सोक पिटवरच (शोषखड्ड्यावरच) आहेत, आणि सोक पिटला किचनचं तेल म्हणजे विष. चिऱ्याची (जांभ्याची) जमीन पाणी चांगलं पिते पण तिच्या भोकांवर एकदा तेलाचा थर बसला की पिणं बंद, आणि नदीकाठच्या सखल भागात तर पावसाळ्यात जमिनीतलं पाणीच एवढं वर येतं की पिट भरलेलाच असतो. अशा ठिकाणी गली ट्रॅपच्या आधी एक ग्रीस चेंबर बांधून घ्या. साधी गोष्ट आहे, तेल वर तरंगतं, त्यामुळे बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी लावून त्याचं तोंड पाण्यात खाली बुडवायचं, म्हणजे खालचं स्वच्छ पाणी पुढे जातं आणि वरचा थर मागे राहतो, तो महिन्याला काढायचा. काढणारा माणूस ठरवलेला नसेल तर चेंबर बांधून उपयोग नाही.

आता उंचीचं गणित

इथे टेप आणि पेन्सिल घेऊन बसा, कारण सगळा खेळ दोन-तीन इंचांचा आहे.

ओटा तयार झाल्यावर फरशीपासून ३४ इंच उंच धरू. सिंक ९ इंच खोल, ग्रॅनाइटच्या खालून बसवलेलं, म्हणजे त्याचा तळ साधारण २४ इंचांवर आला. त्याखाली जाळीची कपलिंग तीनेक इंच, राहिले २१. त्याखाली ट्रॅप, आणि ट्रॅपचं बाहेर जाणारं तोंड आणखी दोन-तीन इंच खाली, म्हणजे १८. त्यामुळे भिंतीतलं भोक १६ इंचांच्या आसपास घेतलं की सगळं आरामात बसतं, चारशे एमएम म्हणा. फरशी अजून बसायची असेल तर तिची जाडी धरायला विसरू नका, कच्च्या स्लॅबपासून १६ मोजलेत तर टाइल आणि खालचा सिमेंट-वाळूचा मसाला मिळून दोन इंच गेलेले असतात.

आता उतार. आडव्या पाइपाला मीटरमागे दोन ते अडीच सेंटिमीटर उतार द्यायचा, फुटात सांगायचं तर फुटाला पाव इंच. १० फूट लांबी असेल तर चाळीसला एक ह्या हिशोबाने ३ इंच. आणि इथेच उलटं मोजण्याचा उपयोग कळतो. मडगावच्या एका फ्लॅटमध्ये घरमालकांना सिंक खिडकीखालून काढून समोरच्या भिंतीला हवं होतं, उभ्या पाइपावरचा जुना वाय फरशीपासून १६ इंचांवर होता आणि नवी जागा १० फूट लांब, म्हणजे सिंकखाली पाइप १९ इंचांवर पाहिजे. पण काकूंनी मोठी भांडी मावावीत म्हणून १० इंच खोल सिंक आधीच आणून ठेवलेलं, त्याच्या ट्रॅपचं तोंड १७ च्या वर येईना. दोन इंचांची तूट. प्लंबरने पाइप सपाट टाकून दिला, थोडा उलटाच गेला असेल, आणि तीन महिन्यांत त्या पाइपात एवढा गाळ साचला की भांडी घासताना सिंक भरून यायचं. शेवटी डक्टमध्ये उभ्या पाइपावर नवा वाय खाली ६ इंचांवर घेतला. तेच आधी केलं असतं तर टाइल फुटली नसती. म्हणून डक्टमधला वाय जेवढा खाली, फरशीच्या जवळ घेता येईल तेवढा घ्या, मग सिंक कितीही खोल असो, हाताशी जागा राहते.

जास्त उतार दिला तर आणखी चांगलं असं मात्र नाही. फार उतार असला की पाणी धावत पुढे जातं आणि जड चोथा, भाताची शितं मागे राहतात, आणि दुसरं म्हणजे भरून धावणारं पाणी जाताना ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. सिंक रिकामं होताना शेवटी घुर्र घुर्र असा मोठा आवाज येतो ना, तो ह्याचाच इशारा आहे. ट्रॅप कोरडा पडला की वास आणि झुरळं दोन्ही थेट घरात.

उतार देताना नजरेवर जाऊ नका. एक मीटरची पाणसळ घ्या, तिच्या डक्टकडच्या टोकाखाली २५ एमएमचा लाकडी ठोकळा लावा, पाइपावर ठेवा, बुडबुडा मध्यावर आला की उतार बरोबर. क्लॅम्प तीन-तीन फुटांवर लावा, नाहीतर भांड्यांच्या गरम पाण्याने पाइप हळूहळू मध्ये झोळ धरतो आणि त्या झोळात सगळं साचतं. उभ्या पाइपाला पाच-सहा फुटांवर चालतो. समुद्राजवळ राहत असाल, मिरामार, कोलवा, कळंगुट वगैरे, तर साधे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) क्लॅम्प घेऊ नका, खाऱ्या हवेने गंजून तुटतात, स्टेनलेस किंवा त्याच पाइपाचे प्लास्टिकचे घ्या.

साइज, माल आणि जोड

ट्रॅपच्या पुढे ५० एमएम, त्याहून कमी नको. पाण्याच्या दिशेने पाइप मोठा होत जाईल पण लहान कधीच नाही, हे कुणी विसरलं तर तिथेच थांबवा, मी एकदा ५० च्या पुढे ४० लावलेला बघितलाय कारण भिंतीतलं भोक लहान पडलं होतं. लांबी तीन मीटरच्या आत राहील असं बघा, जास्त होत असेल तर सिंकच्या बाजूने हवेचा पाइप वर न्यायचा विचार करावा लागतो, आणि फ्लॅटमध्ये ते कटकटीचं आहे, त्यापेक्षा सिंक थोडं सरकवणं सोपं.

पाइप घेताना एसडब्ल्यूआर (सॉइल, वेस्ट, रेन, म्हणजे संडास, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा) मागा, त्यावर आयएस १३५९२ छापलेलं असतं. त्यात टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार येतात. ए पातळ, तो हवेला आणि पावसाच्या पाण्याला. बी जाड, ७५ आणि ११० एमएममध्ये त्याची भिंत किमान ३.२ एमएम, आणि सांडपाण्याला बीच लागतो. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि किमतीत फरक असतो, त्यामुळे माल साइटवर आला की पाइपावरची छपाई स्वतः वाचा.

रबर रिंगच्या जोडाला टोक कानसून घ्या, साबणाचं पाणी किंवा त्याचं ल्युब्रिकंट लावा, स्वयंपाकाचं तेल लावू नका, रिंग खराब होते. पाइप पूर्ण आत घातल्यावर साधारण १० एमएम मागे ओढायचा. हे का, तर तीन मीटरचा पीव्हीसी पाइप ३० अंशांच्या फरकाने पाच-सहा एमएम लांब होतो, आणि आपल्या उन्हात बाहेरच्या भिंतीवरचा पाइप दुपारी केवढा तापतो ते हात लावून बघा. जागा ठेवली नाही की जोड ढकलला जातो. सॉकेटचं तोंड नेहमी पाणी येतं त्या बाजूला. आणि बाहेर उन्हात असलेल्या पाइपाला रंग मारून घ्या, नाहीतर काही वर्षांत तो ठिसूळ होतो.

वळणाला शक्यतो ९० चा एक बेंड न घेता ४५ चे दोन घ्या. उभ्या पाइपाला जोडताना सरळ टी नको, वाय घ्या, म्हणजे पाणी खालच्या दिशेने शिरतं, समोर आपटत नाही. प्रत्येक वळणापाशी एक डोअर, म्हणजे झाकण उघडून आत सळई घालता येईल असा तुकडा. आणि तो डोअर हाताला लागेल असाच हवा. ट्रॉलीवाल्या सुताराला आधीच सांगून ठेवा की सिंकखालच्या कप्प्याची मागची फळी स्क्रूवर काढता येणारी पाहिजे, आणि पाइप ज्या भिंतीने जातो तिथल्या ट्रॉल्या मागून तीन इंच आखूड. फोंड्यात एका ओळखीच्या घरी डोअर होता, अगदी योग्य जागी होता, पण त्यावर सुताराने प्लाय ठोकून वर सनमायका लावला होता.

पहिल्या मजल्याचं दुखणं

खाली पार्किंग असलेल्या बिल्डिंगांत हे फार होतं. वरून येणारी लाइन पहिल्या मजल्याच्या स्लॅबखाली, पार्किंगच्या छताला आडवी वळते आणि मग लांबवर चेंबरकडे जाते. चार मजल्यांवरून वेगाने आलेलं पाणी त्या बेंडवर आपटून तिथे तुंबतं, मागची हवा दाबली जाते, आणि ती हवा सगळ्यात जवळच्या ट्रॅपमधून बाहेर पडते, म्हणजे पहिल्या मजल्याच्या सिंकमधून. वर कुणी वॉशिंग मशीनचं पाणी सोडलं की ह्यांच्या सिंकमध्ये फेस. एक आजी मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेल्या होत्या, म्हणाल्या, "बाय, बघ गो, दुसऱ्यांच्या कपड्यांचा साबण माझ्या भांड्यांत येता." त्यांना सहा वर्षं कुणीतरी सांगत होतं की तुमचा ट्रॅप साफ करा.

उपाय हा की पहिल्या मजल्याचा (किंवा ग्राउंड फ्लोअरला घरं असतील तर त्यांचा) पाइप उभ्या लाइनला जोडायचाच नाही, वेगळा खाली नेऊन थेट गली ट्रॅपला सोडायचा. अगदीच शक्य नसेल आणि बिल्डिंग पाच मजल्यांपर्यंत असेल तर जोड खालच्या बेंडपासून किमान पाऊण मीटर वर ठेवा. आणि तो खालचा बेंड ४५ च्या दोन तुकड्यांचा करा, त्याने बराच फरक पडतो. उभ्या पाइपाचं वरचं टोक गच्चीच्या वर मोकळं आहे ना, त्यावर जाळीची टोपी आहे ना तेही बघून या, कारण कितीतरी गच्च्यांवर शेड घालताना तो पाइप कापून त्याला प्लास्टिकची पिशवी बांधून टाकलेली असते, आणि मग सगळ्या बिल्डिंगचे ट्रॅप घुरघुरतात.

ट्रॅप

सिंकखाली तो स्प्रिंगसारखा लवचिक पाइप लावून फरशीतल्या भोकात सोडून देतात, ही पद्धत बंद करा. त्याच्या वळ्यांत तेल बसतं, तो धड ट्रॅप नसतो, आणि फरशीच्या भोकाभोवती मोकळी जागा राहते तिथून झुरळं येतात. भाड्याच्या घरात तोच असेल आणि बदलता येत नसेल तर निदान भोकाच्या तोंडाला रबरी गॅस्केट बसवा.

बॉटल ट्रॅप की पी ट्रॅप, तर मासळी शिजणाऱ्या घरात मी पी ट्रॅप सांगते, त्यातली वाट सगळीकडे सारखीच रुंद असते त्यामुळे कमी अडकतं. बॉटल ट्रॅप जागा कमी घेतो आणि खालचं बूच हाताने उघडता येतं, हे त्याचं चांगलं. पाण्याचा अडसर किमान ५० एमएमचा असावा. आणि एकामागे एक दोन ट्रॅप नको, सिंकखाली एक आणि पुढे बंद पाइपातून परत नहाणी ट्रॅप (फरशीतला ट्रॅप) असं केलं की मधली हवा कोंडते आणि पाणी अडखळत जातं.

आपल्याकडे सहा-सहा महिने कुलूप असलेले फ्लॅट पुष्कळ, माणसं मुंबईला नाहीतर आखातात. ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि घर उघडल्यावर चेंबरचा वास. जाताना सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे शेंगदाण्याचं तेल सोडा, तेलाच्या पापुद्र्याने पाणी सावकाश आटतं. किंवा भोकाला बूच लावून जा.

डिशवॉशर असेल तर त्याची नळी ओट्याच्या खालच्या पातळीपर्यंत वर चढवून मग ट्रॅपच्या वरच्या नोझलला जोडा, नाहीतर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये उतरतं.

भिंत, बीम आणि शेजारी

चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडणं अवघड नाही, चिरा मऊ लागतो, पण छिन्नीने ठोकलं की बाहेरच्या बाजूला परडीएवढा खड्डा पडतो. कोअर कटर (गोल भोक कापणारं मशीन) लावा. भोक बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरतं ठेवा म्हणजे पावसाचं पाणी पाइपाच्या अंगाने आत येणार नाही, भोवती न आकसणारा ग्राउट भरा, आणि बाहेरून सीलंट. नैर्ऋत्येकडून पाऊस थेट भिंतीवर मारतो, त्या बाजूला किचन असेल तर हे अजिबात टाळू नका. बाहेरचं सगळं काम मिरगाच्या आधी उरकलं पाहिजे, पावसात लावलेलं सीलंट धरत नाही.

बीम आणि कॉलम ह्यांना हात लावायचा नाही. पाइपाची वाट बीममधून जात असेल तर वाट बदला. स्लॅबमधून खाली भोक पाडायची वेळ आली तर स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय नाही, आणि तो पाइप खालच्यांच्या छतातून जाणार म्हणजे त्यांची लेखी परवानगी आणि कमिटीचं पत्र दोन्ही घ्या. खरं सांगायचं तर किचनचा स्लॅब बाथरूमसारखा खाली बसवलेला नसतो, त्यामुळे पाइप फरशीखाली लपवायच्या नादाला न लागता ओट्याखालून भिंतीच्या कडेने न्यावा, दिसला तर दिसला, गळला तर कळतो.

जुन्या बिल्डिंगांत डक्टमध्ये बिडाचे किंवा करड्या सिमेंटसारखे दिसणारे पाइप असतात. ते सिमेंटवाले अॅस्बेस्टॉसचे असू शकतात, ते ग्राइंडरने कापू नका, त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. असा पाइप दिसला तर काम थांबवून सोसायटीला सांगा आणि ती लाइन जोडापासून उतरवून पूर्ण बदलायचं ठरवा.

नारळ आणि मासळी

पाइप कितीही चांगला बसवला तरी आपला स्वयंपाक लक्षात घ्यायला हवा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा वीसपर्यंत उतरतो, म्हणजे हुमणाच्या (मासळीच्या आमटीच्या) कढईचं धुवण, नारळाच्या रसाचं तेल हे सगळं रात्री पाइपाच्या आतल्या भिंतीवर मेणासारखं बसतं, त्याला दुसऱ्या दिवशी खवले चिकटतात, त्यावर सुंगटांची (कोळंबीची) टरफलं, नारळाच्या शेंड्या, तिसऱ्यांची (शिंपल्यांची) वाळू. मी कापून काढलेल्या पाइपांत कितीदा बोटभर वाट उरलेली असते. कढई आधी कागदाने पुसा, मग घासा. तळणीचं तेल, विशेषतः चवथीच्या नेवऱ्यांचं (करंज्यांचं), बाटलीत भरून कचऱ्यात द्या. ह्या तिसऱ्या धुवायच्या तर सिंकमध्ये नको, पातेल्यात धुवा आणि वाळू खाली बसल्यावर वरचं पाणी ओता. सिंकला बारीक जाळी लावा.

उकळतं पाणी, भाताची पेज, थेट ओतू नका. यूपीव्हीसी, म्हणजे ह्या पाइपांचं प्लास्टिक, ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, उकळतं पाणी शंभरचं. नळ सोडून त्यासोबत ओता. आठवड्यातून एकदा हात घालवेल एवढं गरम पाणी आणि भांड्याचा साबण सोडला की पुष्कळ झालं. अॅसिड नको, आणि कॉस्टिक सोड्यावर अॅसिड तर कधीच नको. चोक झाला तर डोअर उघडून सळई घाला, तेवढ्यासाठीच तो ठेवलाय.

भिंत बुजवायच्या आधी

टाइल्सवाला कितीही घाई करू दे, टेस्ट झाल्याशिवाय मसाला लावू देऊ नका. डक्टकडचं तोंड बूच लावून बंद करा, पाइप पाण्याने भरा, अर्धा तास ठेवा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा, ओल लगेच दिसते. मग बूच काढून सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. पाणी गरगरत सरळ गेलं पाहिजे. सगळं गेल्यावर टॉर्च मारून ट्रॅपमध्ये पाणी उरलंय का बघा, बॉटल ट्रॅप असेल तर खाली तांब्या धरून बूच उघडून बघा. मग वरच्या दोन मजल्यांना एकाच वेळी सिंक सोडायला सांगा आणि तुमच्या ट्रॅपमधलं पाणी हलतं का ते बघा, थोडं हललं तर चालेल, बुडबुडे आले तर हवेची वाट कुठेतरी बंद आहे, गच्चीवर जा.

हे झालं की भिंतीला टेप लावून फोटो काढा, फरशीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे वाचता येईल असा, एक आपल्याकडे आणि एक सोसायटीच्या फाइलला. पाच वर्षांनी कुणीतरी त्याच भिंतीत कपाटासाठी ड्रिल मारणार असतं.